आळीपाळीची चराई

कुरणाचे तुकडे पाडून एका वेळी एकाच तुकड्यात गुरे चारणे व बाकीच्यांना फुटायला वेळ देणे. चराईबंदीत गुरे बाहेर असतात; इथे फिरती असतात. फ्रेंच संशोधक आंद्रे व्हाझँ यांनी १९५० च्या दशकात या पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली.

विदर्भात आखरावर जमलेली ढोरे गायकी (गुराखी) रोज जवळच्याच गायरानात किंवा ई-क्लास म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीत, पाण्याच्या वाटेने नेतो. मारवेल, पवन्या ही चांगली गवते आधी संपतात. कुसळ हे बोचरे गवत आणि तरोटा हे तण माजतात. गवताचा निम्म्याहून अधिक पाला एकदम गेला की मुळांची वाढ थांबते. नवी फूट ठोंबातल्या अन्नसाठ्यावर येते आणि साठा भरण्याआधी पुन्हा तोंड लागले तर ठोंब खंगतो. माती उघडी पडते, थेंबांच्या माराने तिच्यावर पापुद्रा धरतो, पाणी मुरण्याऐवजी वाहते.

गवत वीतभर (२०–२५ सेंमी) झाले की गुरे आत, चार बोटे उरले की बाहेर. मुक्काम तीन दिवसांचा. त्यापुढे गुरे कोवळे फुटवेच खाऊ लागतात. पावसाळ्यात विश्रांती सुमारे ३० दिवस धरली तर ३० भागिले ३, अधिक एक, म्हणजे ११ तुकडे. ३०० किलोची गवळाऊ गाय दिवसाला साडेसात किलोच्या आसपास सुका चारा खाते. २० गायींना तीन दिवसांचे ४५० किलो. चार-पाच ठिकाणचे एकेक चौरस मीटर गवत कापून वाळवावे. सरासरी २५० ग्रॅम भरले तर एकरी एक टन. निम्मे राखायचे, म्हणून तुकडा एकराचा. हा हिशेब पावसाळ्यापुरता. ऑक्टोबरनंतर कोरडवाहू कुरण फारसे फुटत नाही, तेव्हा फेरी म्हणजे उभ्या चाऱ्याची नुसती वाटणी.

कुंपणाला झटका मशीनची एक तार, साधारण अडीच फुटांवर, पुरते; गुरांना तिची सवय मात्र आधी लावावी. तारेत थेट घरगुती वीज सोडणे जीवघेणे आहे. पाण्याची टाकी प्रत्येक तुकड्यातून गाठता यावी, नाहीतर सगळी गुरे एकाच कोपऱ्याचा चुराडा करतात.

सर्वात मोठे नुकसान झडीत होते. ओल्या काळ्या जमिनीत खुरे रुततात, चिखल दाबला जातो आणि वाळल्यावर मुळांना भेदता न येणारा थर बनतो. त्या दिवसांसाठी बरड, मुरमाड तुकडा राखून ठेवावा. कुसळ फुलोऱ्याआधीच चारावे. पुढे त्याची टोके तोंडात व कातडीत शिरतात. दरवर्षी एक तुकडा बी झडेपर्यंत सोडावा.

या पद्धतीने जमिनीतील सेंद्रिय कर्ब झपाट्याने वाढण्याचे दावे अतिरंजित आहेत. गुरांची संख्या सारखी ठेवून केलेल्या तुलनांत सलग चराईपेक्षा फायदा सातत्याने दिसलेला नाही. भार झेपण्यापलीकडचा असेल तर तुकडे पाडून काही साधत नाही. शेणाचेही तसेच: ते गोवऱ्यांसाठी उचलले जात असेल तर कुरणातले खत चुलीत जाते आणि शेणकिड्यांनाही काम उरत नाही.