वाचन-लेखनपूर्व तयारी

औपचारिक वाचन-लेखनाआधी, साधारण ३ ते ६ या वयात, मुलांमध्ये घडणारी भाषेची पायाभरणी. भरपूर शब्द कानावर पडणे, ऐकलेले समजणे, शब्दातले आवाज वेगळे ओळखणे, छापलेल्या खुणांना अर्थ असतो हे उमगणे आणि बोटांची पकड हे सारे तिच्यात येते. अक्षरे गिरवणे हा तिचा अगदी छोटा भाग. पालकांना मात्र भरलेली वही दिसते, म्हणून ज्युनिअर केजीत त्याचाच आग्रह धरला जातो.

मराठीत आवाजांची जाण विशेष महत्त्वाची. ‘कमळ’ म्हणत टाळ्या वाजवायला सांगा, मूल सहज ‘क-मळ’ अशा दोनच वाजवेल. शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ बोलताना गळतो. पाटीवर अक्षरे तीन! ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढायची, उच्चारायची मात्र नंतर. हे गोंधळ गिरवून सुटत नाहीत, त्यासाठी आधी कान तयार व्हावा लागतो. भेंड्यांमध्ये शेवटचे अक्षर पकडावे लागते. ‘का’ने सुरू होणारे सांगा म्हटले की काका, काकडी, कात्री अशी रांग लागते. खर्च शून्य.

महाराष्ट्रात या विचाराला शास्त्रीय रूप दिले ते ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी. गुजरातमधील भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना त्यांनी माँटेसरी पद्धत, म्हणजे मुलांनी साधने हाताळत स्वतः शिकण्याची पद्धत, आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये बोर्डी (आजचा पालघर जिल्हा) येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले, त्यात अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडला गेले. महागड्या माँटेसरी साधनांची जागा तिथे शंख-शिंपले, बिया, खडे आणि पानांनी घेतली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली; तीच अंगणवाडी. केंद्र सरकारच्या १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. तिथे पोषण आहार, लसीकरण आणि नोंदवह्या यांतून गोष्टीसाठी किती वेळ उरतो, हे बहुतांशी सेविकेवरच अवलंबून असते.

खरी अडचण बोलीची. या भागातल्या वारली आदिवासी घरातल्या मुलाला पुस्तकी मराठी बरीचशी परकी वाटते. जाणती शिक्षिका आधी त्याच्याच बोलीत गप्पा मारते, त्याने काढलेल्या चित्राखाली तो सांगेल ते वाक्य जसेच्या तसे लिहिते आणि शब्दांवरून बोट फिरवत वाचून दाखवते. प्रमाण भाषेतले शब्द त्यानंतर, हळूहळू येतात.