चॅम्पियन झाले आणि चार वर्षांत गाशा गुंडाळला: लुइस्टन मेनिअॅक्स या हॉकी टीमची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मेन राज्यातलं लुइस्टन हे नदीकाठचं गिरणगाव, आजही वस्ती जेमतेम 37 हजार. एकोणिसाव्या शतकात कापड गिरण्या जोरात होत्या तेव्हा कॅनडाच्या क्युबेक प्रांतातली फ्रेंच बोलणारी कुटुंबं रेल्वेने इथे येऊन थडकली, गिरण्यांजवळच्या दाटीवाटीच्या वस्तीचं नावच 'लिटल कॅनडा' पडलं. त्यांच्याबरोबर हॉकी पण आली (बर्फावरची हां, आपली मैदानी नाही).

तिथल्या रिंकचं (बर्फाच्या मैदानाचं) नाव मात्र जगाला माहीत झालं ते बॉक्सिंगमुळे. 1965 मध्ये मुहम्मद अली आणि सनी लिस्टनची दुसरी फाइट बॉस्टनला जमली नाही म्हणून ऐनवेळी इथे आणली, प्रेक्षक फक्त 2434, आणि खाली आडव्या पडलेल्या लिस्टनवर हात आखडून ओरडणारा अली, तो फेमस फोटो इथलाच.

2003 मध्ये क्युबेकमधल्या शेरब्रुकची कॅस्टर्स टीम बिऱ्हाड उचलून या रिंकवर आली. नाव ठेवलं मेनिअॅक्स, म्हणजे मेन आणि मॅनिअॅक एकत्र. खेळणार क्युबेक मेजर ज्युनियर लीगमध्ये, म्हणजे कॅनडातल्या वरच्या दर्जाच्या ज्युनियर हॉकीत, पोरं 16 ते 20 वर्षांची, घरापासून लांब, गावातल्याच कुटुंबांकडे राहणारी. या लीगने अमेरिकेत आधी एकदा हात पोळून घेतलेला, 1984 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गची टीम 17 मॅचमध्ये एकही न जिंकता बंद पडलेली.

लुइस्टन तसं फुसकं निघालं नाही. यारोस्लाव हलाक, डेव्हिड पेरॉन इथे खेळून एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यात मोठ्या प्रो हॉकी लीगमध्ये गेले. 2007 मध्ये तर गोलमध्ये जोनाथन बर्निए आणि फायनलला वाल-दोरच्या टीमला सिरीजमध्ये 4-0 धुऊन लीगचं अजिंक्यपद, मग मेमोरियल कपसाठी (मेजर ज्युनियर लीग्सच्या विजेत्यांची स्पर्धा) थेट व्हँकुव्हर!

मग बंद का पडली? माझ्या मते घोळ बर्फाबाहेरचा होता. कॅनडातल्या मेजर ज्युनियर पोरांना थोडाफार भत्ता मिळतो आणि काहींचे एनएचएलशी करार असतात, त्यामुळे अमेरिकन कॉलेजवाले त्यांना तेव्हा प्रोफेशनल धरायचे, इथे खेळलात की कॉलेज हॉकी विसरा. म्हणजे लिटल कॅनडावाल्यांच्याच नातवंडांना आपल्या गावच्या टीमपेक्षा हायस्कूल हॉकी परवडायची, आणि गावचा पोरगा बर्फावर नसेल तर दर आठवड्याला तिकीट कोण काढणार. त्यात पोर्टलंडला, तासाभराच्या आत, एएचएलची (एनएचएलच्या एक पायरी खालची लीग) प्रो टीम होतीच. आणि बाहेरची प्रत्येक मॅच म्हणजे बॉर्डर ओलांडून बस, कधी रुइन-नोरांडा तर कधी पार केप ब्रेटन, म्हणजे रात्रभर डिझेलच जाळत बसायचं.

2011 मध्ये लीगनेच टीम विकत घेऊन बंद केली, खेळाडू ड्राफ्ट करून, म्हणजे पाळीपाळीने निवडायला देऊन, बाकीच्या टीम्सना वाटून टाकले. पुढच्याच वर्षी शेरब्रुकला नवी टीम मिळाली, फिनिक्स.