एकाच फौंड्रीत सहा स्वभाव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, जरा वेळ थांबून बघा. एक जण वाळूचा साचा ठोकतोय. मूठभर वाळू दाबून बघितली की ओलावा बरोबर आहे का, हे त्याला कळतं. लॅबमधली मुलगी वितळलेल्या लोखंडाचा नमुना तपासतेय आणि कालच्या कास्टिंगला भोकं का पडली याचा माग काढतेय. कुणी संगणकावर नवं डिझाइन रेखाटतंय, कुणी नव्या पोरांना शिकवतंय, कुणी गिऱ्हाइकाशी फोनवर दराची घासाघीस करतंय. आणि ऑफिसात एक जण चलन, जीएसटी, गेटपास सगळं चोख ठेवतोय. गावी विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: फौंड्रीत कामाला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेल्या सिद्धान्तात हेच सहा कल आहेत: हाताने घडवणं, शोध घेणं, कला, माणसांना मदत, पुढाकार घेऊन व्यवहार करणं आणि नीटनेटकी व्यवस्था. बहुतेकांमध्ये यातल्या दोन-तीन कलांचं मिश्रण असतं. म्हणून ‘लाइन बदलायची’ म्हणणाऱ्याला कधीकधी धंदा नव्हे, टेबल बदलायची गरज असते, असं मला ठामपणे वाटतं.

हे कल बऱ्यापैकी टिकाऊ असतात. साठ वर्षांहून अधिक काळातल्या संशोधनाचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये घेतला गेला. आवड आणि काम जुळलं की माणूस ते काम चांगलं करतो आणि त्यात टिकतो, असं त्यातून दिसलं. समाधानाचं गणित मात्र एवढं सरळ नाही. आवडीचं काम आणि समाधान यांचा संबंध आहे, पण आपण समजतो त्यापेक्षा बराच सौम्य. कामात स्वतः ठरवायची मोकळीक किती, केलेलं बरोबर झालं की चुकलं हे लगेच कळतं का, वरिष्ठ कसा आहे, यावरही बरंच काही ठरतं. आवडीचं कामसुद्धा जाचक साहेबाच्या हाताखाली नकोसं होतं.

इंटरनेटवरच्या, माणसाच्या स्वभावाला ‘INTJ’सारखी चार इंग्रजी अक्षरं चिकटवणाऱ्या चाचण्यांवर आयुष्याचा निर्णय सोपवू नये. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर कित्येकांची अक्षरं बदलतात. माणूस अंतर्मुख किंवा बहिर्मुख अशा दोन कप्प्यांत बसत नाही; बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात.

आपल्याच कोल्हापूरचे बाबूराव पेंटर बघा. सुतारकाम-लोहारकामाच्या घरातला हा माणूस नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळला, स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. हातातलं कसब आणि चित्रकाराची नजर, दोन्ही त्यांनी नव्या कामात सोबत नेलं. नव्या कामाला पाटी कोरी करावी लागत नाही, ती अशी.

राजीनामा देण्याआधी त्या कामातल्या माणसाला भेटा. हुपरीत चांदीचे दागिने घडवायचं मनात असेल तर तिथल्या कारागिराकडे, शिकवायचं असेल तर एखाद्या मास्तरांकडे जा. पगार नंतर विचारा. आधी विचारा, मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्ही नेमकं काय करत असता? सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं, आणि ते रोज किती तास करावं लागतं? त्या तासांची तयारी असेल, तर दोन-चार रविवार तिथे हाताखाली काम करून बघा.