स्वतंत्र चित्रपटाचा कॉपीराइट: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

छोट्या बजेटच्या चित्रपटात पैसा मित्रमंडळींचा, मेहनत सगळ्यांची आणि करार बहुतेकदा कुणाशीच झालेला नसतो. महोत्सवात चित्रपट गाजला की मालकीवरून भांडण लागतं. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार चित्रपटाचा कर्ता, म्हणजे ज्याच्याकडे पहिला हक्क जातो तो, दिग्दर्शक नसून निर्माता असतो. म्हणजे चित्रपट घडवण्यासाठी पुढाकार घेणारी आणि जबाबदारी उचलणारी व्यक्ती. दिग्दर्शकानेच ती जबाबदारी घेतली असेल, तर कॅमेरा भाड्याची बिलं आणि कलाकारांचे करार त्याच्याच नावावर हवेत. नुसतं श्रेयनामावलीतलं नाव कोर्टात पुरेलच असं नाही.

पटकथा, संवाद आणि गाण्यांचा हक्क चित्रपटापेक्षा वेगळा असतो. लेखकाकडून तो निर्मात्याच्या नावावर करायचा, तर लेखी आणि सही केलेला करार हवा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. परदेशी ओटीटीशी बोलणी करताना हीच ओळ नडते, म्हणून करार करतानाच ती नीट लिहून घ्या.

नोंदणीचा अर्ज दिल्लीतल्या कॉपीराइट कार्यालयाकडे नमुना 14 मध्ये, ऑनलाइनही करता येतो. पटकथेसाठी शुल्क 500 रुपये, चित्रपटासाठी 5,000 रुपये. शूटिंगच्या आधीच पटकथा नोंदवून टाका, खर्च नगण्य आहे. सोबत कामाची प्रत, अर्जदाराचं ओळखपत्र, कर्ता वेगळा असल्यास त्याचं ना हरकत पत्र आणि वकिलामार्फत अर्ज असेल तर मुखत्यारपत्र जोडायचं. कामावर हक्क सांगणाऱ्या किंवा तुमचा हक्क नाकारणाऱ्या प्रत्येकाला अर्जाची सूचना द्यावी लागते. हे टाळू नका. डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळाल्यावर 30 दिवस हरकतींची वाट पाहतात. हरकत आली तर दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी मिळते.

नोंदणी सक्तीची नाही. ती नसली तरी दावा चालतो, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये संजय सोया प्रकरणात सांगितलं. पण नोंदणी असेल तर ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत ग्राह्य धरली जाते. मात्र नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, आर. जी. आनंद खटल्यात 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. कथा सुचली की ती प्रसंगांसह लिहून काढा, तारीख टाका.

दावा करायचा तर मुंबई गाठायलाच हवी असं नाही. कलम 62 मुळे वादी राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दाद मागता येते.