विद्युत दाब व प्रवाहावरून रोध आणि शक्ती काढणे

विद्युत मंडलातल्या एखाद्या भागाच्या दोन टोकांमधला दाब आणि त्या भागातून वाहणारा प्रवाह ही दोन मापे हाती असली, की त्याचा रोध आणि त्यात खर्च होणारी शक्ती काढता येते. वायरमनच्या बोलीत हेच व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि वॉटेज. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती मिळते. दाब व्होल्टमध्ये आणि प्रवाह अँपिअरमध्ये घेतला, तर रोध ओहममध्ये आणि शक्ती वॉटमध्ये येते. गणित इतकेच आहे. चूक होते ती मापे घेताना: दोन्ही मापे एकाच भागाची आणि एकाच वेळची हवीत.

घरातला गिझर घ्या. तो चालू असताना टोंग टेस्टरचा, म्हणजे वायर न कापता प्रवाह मोजणाऱ्या चिमट्यासारख्या मीटरचा, जबडा फेजच्या (वीज आणणाऱ्या) वायरीभोवती अडकवला. अख्ख्या केबलभोवती अडकवून चालत नाही, कारण जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांचा परिणाम खोडून काढतात आणि आकडा शून्य दिसतो. प्रवाह ८.७ अँपिअर आला आणि त्याच वेळी सॉकेटवर २३० व्होल्ट होते, तर रोध २३० ÷ ८.७ म्हणजे सुमारे २६.४ ओहम आणि शक्ती २३० × ८.७ म्हणजे जवळपास २,००० वॉट. आता गिझर बंद करून, प्लग काढून, त्याच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर (दाब, प्रवाह, रोध मोजणारे मीटर) लावला तरी २६ च्या आसपासच आकडा दिसतो. कॉइल नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असते आणि तापल्यावर नायक्रोमचा रोध फारसा बदलत नाही.

तारेच्या बल्बचे तसे नाही. ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर ०.२६ अँपिअर घेतो, म्हणजे पेटलेल्या तारेचा रोध सुमारे ८८० ओहम. तोच बल्ब थंड असताना मोजला, तर साठ-सत्तर ओहमच भरतात. टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात तापते आणि तापमानाबरोबर तिचा रोध तेरा-चौदा पट होतो. थंड बल्बचा रोध घेऊन शक्ती काढायला गेलो, तर ६० वॉटच्या जागी ८०० च्या आसपास उत्तर येईल. ते निव्वळ खोटेही नाही: बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तेवढा झटका खरोखर बसतो, आणि जुने बल्ब बहुधा लावतानाच उडतात ते त्यामुळे.

दाब आणि प्रवाह यांच्या गुणोत्तराचा नियम गेओर्ग झिमोन ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला. कोलोनच्या शाळेत शिकवताना त्याने हे प्रयोग केले. सुरुवातीला त्याच्या बॅटरीचा दाब टिकत नसे, म्हणून १८२५ साली त्याच्या हाती चुकीचे सूत्र लागले. पुढे पोगेनडॉर्फ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने बिस्मथ आणि तांब्याची उष्मायुग्मे वापरली, म्हणजे सांध्यांच्या तापमानातल्या फरकावर दाब देणाऱ्या दोन धातूंच्या जोड्या. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात ठेवला. दाब स्थिर झाला आणि नियम स्वच्छ दिसला. मापांची शिस्त किती मोलाची, हे या एका बदलातून कळते. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कोपली पदक हा आपला मानाचा विज्ञान पुरस्कार दिला. त्याच वर्षी जूल या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते.

हे दोन नियम एकत्र केले की शक्तीची आणखी दोन रूपे मिळतात: दाबाचा वर्ग भागिले रोध, आणि प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. कमी दाबाचा जाच सोसणाऱ्या गावांत पहिले रूप रोज अनुभवाला येते. दाब १८० व्होल्टवर आला की २,००० वॉटचा गिझर १,२२५ वॉटच देतो. दाब २२ टक्क्यांनी उतरला, पण शक्ती ३९ टक्क्यांनी. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८ मिनिटांऐवजी अर्धा तास लागतो. वीजबिल मात्र त्यामुळे कमी होत नाही. तेवढ्या पाण्याला दोन्ही वेळा सुमारे ०.६१ युनिट लागतेच. शिवाय जास्त वेळ टाकीतून निसटणारी उष्णता वेगळी.

दुसरे रूप एक्स्टेन्शन बोर्डाच्या वायरीत दिसते. १ चौरस मिलिमीटर तांब्याची १० मीटर केबल म्हणजे जाता-येता २० मीटर तार, रोध सुमारे ०.३४ ओहम. तिच्यावर हाच गिझर चालवला तर ८.७ अँपिअरला २६ वॉट वायरीतच जळतात. पसरलेल्या वायरीला ते जाणवत नाही. वेटोळे करून ठेवलेली वायर मात्र तापते आणि आवरण मऊ पडते. असा बोर्ड वापरताना वेटोळे आधी सोडवावे.

मोटर आली की साधा भागाकार-गुणाकार पुरत नाही. ५ एचपीचा (अश्वशक्तीचा) तीन फेजचा कृषिपंप ४१५ व्होल्टवर साधारण ८ अँपिअर घेतो. ४१५ ला ८ ने भागून वाइंडिंगचा (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचा) रोध मिळत नाही, कारण फिरती मोटर स्वतःच उलट दाब निर्माण करते. शक्तीसाठीही दाब, प्रवाह, १.७३२ (तीन फेजसाठीचा ३ चे वर्गमूळ हा गुणक) आणि पॉवर फॅक्टर (दाब-प्रवाहाच्या गुणाकारातला प्रत्यक्ष शक्तीत उतरणारा हिस्सा) या चौघांचा गुणाकार करावा लागतो. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ४,६०० वॉट येतात. गिझरच्या उलट, पंपाला पाणी उचलायला लागणारी शक्ती जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे दाब उतरला की प्रवाह चढतो. ३५० व्होल्टला तो साडेनऊ अँपिअरच्या आसपास जातो, आणि वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने, म्हणजे सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. शेतात मोटर जळते तेव्हा दोष बऱ्याचदा मोटरचा नसून या वर्गाचा असतो. म्हणून स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की मोटर बंद करणारा (ट्रिप होणारा) भाग, मोटरच्या पाटीवर छापलेल्या अँपिअरलाच लावून ठेवावा. वारंवार ट्रिप होतो म्हणून तो वर चढवू नये.