लंडनचा खटला, पायथॉनचे धडे आणि स्पॅनिश

१७८० च्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीनंतर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात बेंजामिन बाउसीवर खटला चालला. आज कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याची या बाउसीशी गाठ पडते, ती कॅनडातल्या दोन प्राध्यापकांमुळे.

२००८ मध्ये विल्यम टर्केल आणि ॲलन मॅकएकर्न यांनी इतिहासकारांसाठी प्रोग्रामिंगचे धडे लिहिले. नाव ‘प्रोग्रामिंग हिस्टोरियन’. ओल्ड बेलीची जुनी कागदपत्रं इंटरनेटवर खुली होती. त्यांतला एक खटला उतरवून घ्यायचा, त्यातले शब्द मोजायचे, असा सराव. २०१२ पासून प्रकल्प बऱ्याच जणांचा झाला. धडे तज्ज्ञांकडून तपासून घेतले जाऊ लागले आणि परवानाही मुक्त ठेवला गेला. त्यामुळे भाषांतराला कुणाची परवानगी मागायची गरज उरली नाही.

२०१७ मध्ये स्पॅनिश आवृत्ती सुरू झाली. काम मेक्सिको, कोलंबिया, स्पेन इथल्या स्वयंसेवकांचं. पहिला पेच नेहमीचाच: कुणाची स्पॅनिश? माद्रिदला संगणक म्हणजे ‘ओर्देनादोर’, मेक्सिकोत ‘कोम्पुतादोरा’. फाइलला माद्रिदला ‘फिचेरो’, मेक्सिकोत ‘आर्चिवो’. (पुणेरी आणि वऱ्हाडी मराठीचे वाद ऐकलेल्यांना हे नवं वाटू नये.) पण खरी अडचण शब्दांत नव्हतीच. वाक्यं स्पॅनिश झाली तरी ‘फॉर’, ‘प्रिंट’ हे पायथॉनचे शब्द इंग्रजीच राहिले. मोजणीतून गाळायच्या, सतत येणाऱ्या किरकोळ शब्दांची यादी इंग्रजी ‘द’, ‘ऑफ’ची, ती स्पॅनिश मजकुरावर निरुपयोगी. ‘ए ते झेड’ एवढीच अक्षरं शोधणाऱ्या कोडला ‘आन्यो’ (वर्ष) या शब्दातलं ‘एन्ये’ (ñ) हे अक्षर सापडतच नाही, आणि इतिहासाच्या कागदपत्रांत हाच शब्द पावलोपावली! म्हणजे भाषांतर चोख करूनही विद्यार्थ्याच्या हाती येणार ते इंग्रजी कागदपत्रं चाळायचं अवजार.

यावर उपाय एकच होता, मुळातच स्पॅनिशमध्ये धडे लिहिणं. त्यासाठी २०१८ मध्ये बोगोटाच्या लोस आन्देस विद्यापीठात लेखन-कार्यशाळा झाली. पैसा ब्रिटिश अकॅडमीचा, हेही गमतीचंच. पुढे २०१९ मध्ये फ्रेंच आणि २०२१ मध्ये पोर्तुगीज आवृत्ती आली. माझ्या मते त्याहून मोठा बदल इंग्रजीच्या बाजूला झाला. स्थानिक विनोद आणि संदर्भ टाळा, इतर भाषांतही चालणारी साधनं निवडा, असं प्रकल्प आता मूळ लेखकांनाच सांगतो.

बाउसी मात्र स्पॅनिश धड्यांतही आहे. त्याच्या खटल्याची नोंद अजून इंग्रजीतच वाचावी लागते.