व्यवसाय कर आणि रोजगार हमी (मराठवाडा)

महाराष्ट्रात नोकरदार, व्यापारी व पेशेवर मंडळींकडून घेतला जाणारा व्यवसाय कर आणि ग्रामीण भागात अंगमेहनतीच्या कामाची हमी या दोन गोष्टी १९७० च्या दशकात कायद्याने एकमेकींशी बांधल्या गेल्या. कर कोणी भरायचा आणि मदत कोणाला मिळायची, हे दोन प्रश्न एरवी वेगवेगळ्या खात्यांत सुटतात किंवा अडतात. येथे ते एकाच निधीत आणले गेले, आणि उत्पन्नातील विषमतेच्या अभ्यासात या व्यवस्थेला महत्त्व आहे ते यामुळे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली व नांदेड या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात या हमीची गरज मोठी होती, आणि तिने काय साधले व काय राहून गेले, तेही येथे स्पष्ट दिसते.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. रस्ते, सिंचन, शाळा व कारखाने यांची सुरुवात येथे उशिरा झाली. बहुतेक शेती कोरडवाहू राहिली, आणि पाऊस चुकला की अल्पभूधारक व भूमिहीन मजूर यांच्यातला फरक काही आठवड्यांतच पुसला जाई. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा मागे राहिलेला विकास भरून काढण्याचा खर्च, ३,१८६.७८ कोटी रुपयांचा ठरवला, त्यापैकी ७५०.८५ कोटी, म्हणजे सुमारे २३.५ टक्के, मराठवाड्याच्या वाट्याचा होता. या मोजणीने प्रदेशाच्या मागासलेपणाला आकडा दिला, हे तिचे मोठे काम. मात्र अनुशेषात रस्त्यांचे किलोमीटर आणि सिंचनाचे हेक्टर मोजले जात होते. एकाच गावातला बागायतदार आणि त्याच्या बांधावर खुरपणीला येणारी बाई यांच्या मिळकतीतले अंतर त्यात येण्यासारखे नव्हते. वाळूज व चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतींमुळे संभाजीनगर जिल्ह्याचे सरासरी उत्पन्न वर गेले, तरी त्याच जिल्ह्यातील कोरडवाहू गावांना त्या सरासरीचा उपयोग होत नाही.

रोजगार हमीची कल्पना मराठवाड्याबाहेर जन्मली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर येथे १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. तिला राज्यव्यापी रूप आले ते १९७२ च्या दुष्काळामुळे. लागोपाठ पावसाने दगा दिल्यानंतर आलेल्या त्या वर्षाला मराठवाड्यातील जुनी माणसे आजही नुसते 'बहात्तर' म्हणतात. खडी फोडण्याची व मातीकामे, कामावर मिळणारी सुकडी (पौष्टिक पीठ) आणि रेशनवरचा लाल मिलो (परदेशी ज्वारी) या त्या वर्षाच्या आठवणी घराघरात आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ गेली होती. दुष्काळी कामे ही तोपर्यंत सरकारची कृपा मानली जात. दुष्काळ जाहीर झाला की ती निघत व पाऊस पडला की बंद होत. रोजगार हमीने ही मदत हक्कात बदलली. योजना १९७२ मध्ये आखली गेली. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून नोंदलेला आहे. त्याला कायद्याचे बळ देण्याचा देशातील हा पहिला मोठा प्रयत्न होता.

'मागेल त्याला काम' ही या योजनेची ओळख बनली, आणि तिचे सारे वेगळेपण 'मागेल' या शब्दात आहे. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम दिले गेले नाही तर बेकारी भत्ता द्यावा, असे कायदा सांगतो. मूळ कायद्यात हा भत्ता दिवसाला किमान एक रुपया होता. कोण गरीब हे ठरवण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, दारिद्र्यरेषेची यादी किंवा तलाठ्याचा शेरा लागत नव्हता, कारण ज्याच्या घरी पोटापुरते आहे तो टळटळीत उन्हात टिकाव घेऊन खड्ड्यात उतरणार नाही, हे गृहीत होते. गरजवंताने स्वतःची निवड स्वतःच करण्याची ही रीत इतर मदत-योजनांपेक्षा अधिक न्याय्य होती, असे म्हणता येते: तिच्यात खोटा दाखला काढून शिरण्याला फारसा अर्थ नव्हता आणि खऱ्या गरजूचे नाव यादीतून गळण्याची भीतीही कमी होती. स्त्री-पुरुषांना कामाच्या मोजमापाप्रमाणे सारखाच दर मिळे. शेतमजुरीत बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी धरण्याची रूढी असलेल्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हती, आणि योजनेच्या मजुरांत स्त्रियांचे प्रमाण सतत मोठे राहिले.

या हमीचा खर्च भागवण्यासाठी जे कर योजले गेले, त्यांत प्रमुख व्यवसाय कर होय. महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५ हा १ एप्रिल १९७५ पासून लागू झाला. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी नांदेडचे शंकरराव चव्हाण होते. त्याच्या जोडीला शहरांतील अनिवासी इमारतींवर रोजगार हमी उपकर आला, बागायती जमिनीवर विशेष आकारणी आली, आणि या करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच भर राज्य शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. कराचा मोठा भाग मुंबईतून येई आणि काम मात्र बीड किंवा परभणीच्या माळावर निघे. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे बालाघाटाच्या डोंगरातील पाझर तलावावर पोहोचण्याचा हा मार्ग कागदावर इतका सरळ होता की पगारदाराला आपला कर कशासाठी जातो हे सांगता येत असे. आज पगारपत्रकात 'पी.टी.' (प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे हाच व्यवसाय कर) असे दोन अक्षरी कलम पाहणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट आहे. कराची रक्कम आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होते आणि विधिमंडळाच्या मंजुरीने पुढे रोजगार हमी निधीत वर्ग होते. या मधल्या टप्प्यामुळे कर व काम यांचे नाते दृष्टीआड होत गेले.

कर न्याय्य आहे की नाही हे तपासण्याची साधी कसोटी म्हणजे उत्पन्न वाढेल तसा कराचा वाटा वाढतो की घटतो, हे पाहणे. व्यवसाय कर या कसोटीला उतरत नाही, आणि त्याचे मूळ राज्यघटनेत आहे. कलम २७६ ने या कराला प्रतिव्यक्ती वार्षिक कमाल मर्यादा घातली आहे. ती प्रारंभी २५० रुपये होती व १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने २,५०० रुपये झाली. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांहून अधिक वेतन असलेल्या पुरुषाला महिना २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाचे २,५०० रुपये भरावे लागतात, आणि त्यापुढे वेतन कितीही वाढले तरी कर तेवढाच राहतो. म्हणजे वाळूजच्या कारखान्यात कंत्राटदाराकडून महिना १०,००१ रुपये घेणाऱ्या कामगाराच्या वार्षिक मिळकतीतून सुमारे २.०८ टक्के या कराला जातात. महिना एक लाख मिळवणाऱ्या अधिकाऱ्याचे ०.२१ टक्के जातात आणि महिना पाच लाख मिळवणाऱ्या संचालकाचे ०.०४ टक्के. अर्थशास्त्रात अशा कराला प्रतिगामी म्हणतात. १९८८ मध्ये २,५०० रुपये ही बरी रक्कम होती आणि तेव्हा हा दोष एवढा बोचत नव्हता. महागाईने वेतने वाढत गेली, मर्यादा जागची हलली नाही आणि वर्गवारीचा कर हळूहळू जवळजवळ डोईपट्टीसारखा, म्हणजे माणशी सारखाच, झाला. १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना यातून सूट मिळाली, ही अलीकडची स्वागतार्ह सुधारणा. तशी सूट कमी वेतनाच्या पुरुष कामगारांना नाही.

दुसऱ्या टोकाचा हिशेबही तपासावा लागतो. मजुरांच्या हातून पाझर तलाव, नालाबंडिंग व रस्ते झाले. विहिरींचे पाणी वाढले, पण ते ज्याची विहीर त्याच्याच कामी आले. भूमिहीनाला हजेरी मिळाली आणि जमीनवाल्याला पाणी. बागायतदार वर्गाने या योजनेला विरोध केला नाही, त्यामागे हेही एक कारण होते. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली आणि जालन्याच्या मोसंबीला व मराठवाड्याच्या केसर आंब्याला तिचा आधार झाला. पुढे वैयक्तिक सिंचन विहिरी, जनावरांचे गोठे, तुती लागवड व रेशीम शेती हीही कामे आली. लहान शेतकऱ्याचे उत्पन्न यांतून खरोखर वाढू शकते. तथापि विहिरीची फाईल करायला आधी सातबारा लागतो, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याच्यासाठी योजनेत हजेरीपलीकडे फारसे काही उरत नाही. मजुरीचाही प्रश्न होताच: १९८८ मध्ये हमीच्या कामाचा दर किमान वेतनाच्या पातळीवर आला आणि त्यानंतर कामावरील मजुरांची संख्या घटली. दर वाढल्यावर मागणारे वाढायला हवे होते. घटले, याचा सरळ अर्थ कामे पुरेशी काढली गेली नाहीत असा निघतो.

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम, २००५ हा फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि त्यांत मराठवाड्यातील औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), हिंगोली व नांदेड हे जिल्हे होते. कुटुंबामागे १०० दिवसांच्या अकुशल मजुरीचा खर्च केंद्राने उचलला; त्यापुढील दिवसांची जबाबदारी राज्याकडे राहिली. राज्याचा भार हलका झाला, व्यवसाय कर मात्र चालू राहिला. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने शंभर दिवस पूर्ण मिळाले तरी कुटुंबाची वर्षाची कमाई ३१,२०० रुपयेच होत असे.

काम मागण्याचा 'नमुना ४' भरून तारखेची पोच मिळाली तरच बेकारी भत्त्याचा हक्क सांगता येतो. ग्रामपंचायतीत अर्ज तोंडी राहिला किंवा पोच दिली गेली नाही, की पंधरा दिवस कधी सुरू झाले हेच सिद्ध होत नाही, आणि कायद्यातील सर्वांत धारदार तरतूद निकामी होते.

दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या गाड्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा) त्या कोयत्याला हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. हमीचे काम गावात असूनही माणसे का जातात, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. उत्तर पैशाच्या वेळेत आहे. लेकीचे लग्न, सावकाराचे देणे, दवाखान्याचा खर्च यांना एकरकमी पैसा लागतो आणि तो उचलीतून मिळतो. हमीच्या कामाचा पैसा मस्टर (हजेरीपट) बंद होऊन, मोजमाप होऊन, मग बँकेत येतो. उचल फेडण्यासाठी हंगामभर अंग झिजवावे लागते व फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जावे लागते, हे मजुराला पक्के ठाऊक असते. रोजगार हमीने उपासमार रोखली, पण कर्जाची ही साखळी तोडण्यासाठी लागणारी वेळेवरची रोख तिने पुरवली नाही.

गेल्या दशकात शासकीय मदतीचा कल कामाकडून वस्तू व रोख रकमेकडे गेला आहे. २०१५ पासून मराठवाड्यातील सर्व आठ जिल्हे, अमरावती विभाग व वर्धा अशा शेतकरी-आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना स्वस्त धान्य दिले गेले, आणि २०२३ पासून धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात जमा होऊ लागले. येथेही पात्रतेला सातबारा लागतो.

कर आणि मदत यांची थेट सांगड घालण्याची रीत मात्र मराठवाड्यात नव्या रूपात परतली आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांनी गाळप केलेल्या प्रत्येक टन उसामागे १० रुपये द्यावेत व शासनाने तेवढीच भर घालावी, असे ठरले. रोजगार हमी निधीच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीचाच हा साचा होय. कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहे सुरू झाली, म्हणजे आईबाप ऊसतोडीच्या फडावर असताना शाळा सुटू नये. व्यवसाय करापेक्षा ही आकारणी एका बाबतीत उजवी आहे: तिला २,५०० रुपयांसारखे छत नाही आणि ज्या कारखान्याचे गाळप जास्त त्याचे देणे जास्त. एक अडचण तिच्यात मुळापासून आहे. २०१२-१३ किंवा २०१५-१६ सारखा दुष्काळ पडला की ऊस घटतो, गाळप लवकर आटोपते, तोडणीची मजुरी बुडते, आणि ज्या वर्षी कोयत्यांना मदतीची सर्वांत अधिक गरज असते त्याच वर्षी टनामागच्या दहा रुपयांचा निधीही आटतो.